डॉक्टरांनी वडिलांना काचेच्या पेटीत बसवून फुप्फुसांची तपासणी करायला सांगितली आहे. फुंकायची तपासणी झाली आहे, मग ही कशाला? आत गुदमरायला होईल का?

गुदमरत नाही, बघा. पेटी जुन्या एसटीडी बूथएवढी असते. काचेतून बाहेरची माणसं दिसतात, माईकवरून बोलता येतं. दार सलग बंद असतं ते दोन-चार मिनिटंच, आणि नको वाटलं तर लगेच उघडतात. मी बेळगावात याच तपासणीचं काम करते.

आता 'कशाला' ते सांगते. फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, फक्त बाहेर आलेली हवा मोजते. पण धडधाकट माणसानं कितीही जोर लावला तरी फुप्फुसांत लिटर-सव्वा लिटर हवा उरतेच. वर्षानुवर्षं विडी ओढलेल्या माणसाची हवा आत अडकून हा आकडा वाढत जातो. छाती आधीच भरलेली, नवा श्वास घ्यायला जागाच राहत नाही, म्हणून चार पायऱ्या चढल्या तरी दम लागतो. ही अडकलेली हवा मोजायला पेटी लागते.

आत नाकाला चिमटा लावून नळीतून साधा श्वास घ्यायचा. मग नळीची झडप दोन-तीन सेकंद बंद होते आणि त्या बंद नळीवरच श्वास हलकासा आत-बाहेर करायचा. छाती किंचित फुगली की तेवढीच पेटीतली हवा दाबली जाते. तोंडाशी दाब किती बदलला, पेटीत किती बदलला, यावरून शाळेत शिकलेल्या बॉईलच्या नियमानं आतल्या हवेचं घनफळ निघतं. १९५६ साली अमेरिकेत ड्युबॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली ही पद्धत आजही तशीच चालते.

या यंत्राला प्लेथिस्मोग्राफ म्हणतात, म्हणजे शरीराच्या एखाद्या भागाचं घनफळ कमी-जास्त होताना मोजणारं यंत्र. कोरोनात घरोघरी आलेला बोटाचा चिमटा याच घराण्यातला. दर ठोक्याला बोटात रक्त भरतं, ओसरतं, तो फरक तो उजेडावरून टिपतो.

माझी आत्या निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबलेली. तिची ही तपासणी दुसरीकडं झाली तेव्हा तिथली मुलगी तिला सारखं "ऊद्री, ऊद्री" म्हणत होती. आत्याला कन्नड तेवढंच कळलं, फुंका. झडप बंद असताना ती जीव खाऊन फुंकत राहिली, गाल फुग्यासारखे फुगले, आणि तीन वेळा करूनही आकडे जुळले नाहीत. घामाघूम होऊन बाहेर आली नि "माझंच चुकलं" म्हणाली. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं, तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

म्हणून वडिलांसोबत तपासणीच्या खोलीत जा आणि सूचना मराठीतून सांगायला लावा, संकोच करू नका. घरी त्यांना एवढं करून दाखवा: दोन्ही तळहातांनी गाल घट्ट धरायचे, ओठ नळीभोवती मिटायचे, आणि झडप बंद झाली की कुत्रं धापा टाकतं तसं, पण अगदी हळू, सेकंदाला एक. जोर लावायचा नाही.

कपडे सैल घाला, जायच्या आधी पोटभर जेवण नको. हल्ली हार्ट अटॅक किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, बंद जागेची भीती वाटत असेल, तर आधीच सांगा. सकाळचा पंप घ्यायचा की नाही, हे मात्र डॉक्टरांनाच विचारा.