बुचातलं पाणी

कोल्हापूर, आषाढ

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

गोवराच्या लशीचा केक, म्हणजे कुपीतली गोठवून वाळवलेली वडी, तिसऱ्या महिन्यात आकसला, तर ट्रेहलोज ही साखर वाढवू का, असं विचारतोस. थांब. आधी पाणी मोज.

परवा मार्केट यार्डात गेलो होतो. पावसानं गुळाच्या ढेपांना घाम फुटलेला. घरी येऊन चिक्की काढली, तर दाताला चिकटली. वैशाखात हीच कडकड मोडत होती. म्हणजे उकाडा कमी झाला तरी ती मऊ पडली! वाढला तो फक्त ओलावा.

तुझ्या कुपीतही साखरेची काचच आहे. विषाणू तिच्यात जखडलेला असतो. काच मऊ पडली की त्याची मोडतोड सुरू. कोरड्या सुक्रोजची, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेची, ही काच साधारण ६०-७० अंशांना मऊ पडते, ट्रेहलोजची शंभरीपुढे. पण टक्काभर पाणी शिरलं की आकडा ढोबळमानानं दहा अंशांनी उतरतो. मग महागडी साखर काय करणार?

मीही सहा महिने फॉर्म्युलाच बदलत बसलो होतो. दोष निघाला बुचात. वाफेवर निर्जंतुक करताना रबर पाणी पितं आणि पुढं महिनोन्महिने केकला पाजत राहतं. ऑटोक्लेव्हनंतर बुचं ओव्हनमध्ये पुरेशी वाळवलीच जात नव्हती. ते काम रात्रपाळीचं, आणि मी रात्रपाळीला कधी फिरकलोच नव्हतो.

पण म्हणून केक खडखडीत वाळवायलाही जाऊ नकोस. शेवटचं थोडं पाणी ओढून घेतलंस, तर लायोतून, म्हणजे गोठवून वाळवायच्या यंत्रातून, काढतानाच टायटर, म्हणजे जिवंत विषाणूंचं प्रमाण, पडलेलं दिसेल.

जागतिक आरोग्य संघटनेची कसोटी तुला पाठ आहे: ३७ अंशांवर ७ दिवस, डोसमागे किमान १००० जिवंत विषाणू, घट एका लॉगच्या, म्हणजे दहापटीच्या, आत. ती ताज्या कुपीवर लावून खूश होऊ नकोस. मुदत संपत आलेल्या कुपीवर लाव. गगनबावड्याकडच्या एखाद्या उपकेंद्रात तशीही पोचू शकते. तिथं द्रावक मिसळला की सहा तासांचा खेळ, त्यात तुझं-माझं काही चालत नाही.

पुढच्या पत्रात फॉर्म्युला नको. शून्य, एक, तीन, सहा महिन्यांचे कार्ल फिशरचे, म्हणजे केकमधल्या पाण्याच्या मोजणीचे, आकडे धाड. आणि बुचं किती तास वाळवली तेही. कुणाला विचारून नव्हे, रात्री स्वतः उभं राहून.

तुझा,
काका