वारंवार तापणारी जुनी गाडी: दुरुस्त करावी, विकावी की भांडावं?

प्रश्न नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका वाचकाचा आहे. वय ३६, नोकरी सिन्नरला मुसळगाव एमआयडीसीत, हातात पगार ५८ हजार. नऊ महिन्यांपूर्वी त्यांनी एका डीलरकडून २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक ३ लाख ९० हजारांना घेतली. १ लाख ४० हजार रोख दिले आणि अडीच लाखांचं कर्ज १४ टक्क्यांनी चार वर्षांसाठी काढलं. सोबत 'इंजिन-गिअरबॉक्स ६ महिने' अशी वॉरंटी मिळाली. दुसऱ्या महिन्यात गाडी तापली, थर्मोस्टॅट आणि कूलंट बदललं. चौथ्या महिन्यात वॉटर पंप आणि रेडिएटर गेला. पाचव्या महिन्यात हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग (ब्लॉक) यांच्यामधलं सील, गेली. ते काम डीलरने आपल्याच गॅरेजमध्ये केलं, पण 'अर्धा खर्च तुमचा' म्हणून १४,७०० रुपये घेतले. आणि आठव्या महिन्यात ठाण्याहून येताना कसारा घाटात काटा पुन्हा लाल रेषेवर गेला. गाडी टो करून आणावी लागली. डीलर म्हणतो, वॉरंटी संपली. अंबड लिंक रोडच्या फिटरने इंजिन कामाचे ६८ हजार सांगितलेत. एक एजंट आहे त्या स्थितीत १ लाख ९० हजारांना गाडी न्यायला तयार आहे. घरच्यांचं म्हणणं, ही कटकट काढा आणि नवीनच घ्या. या वाचकाचा प्रश्न: 'आतापर्यंत पन्नास हजार घातले, ते असेच सोडायचे का? आणि केस करावी का?'

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात दोन वेगळे हिशेब एकमेकांत अडकलेत. एक हिशेब गाडीचा: पुढची दोन वर्षं हिला ठेवणं परवडेल का? दुसरा डीलरशी असलेल्या वादाचा: त्याच्याकडून तुमचं काय येणं लागतं? 'डीलरने पैसे दिले तर दुरुस्त करू, नाही तर विकू' असं धरून बसलात, तर दोन्हीकडे नुकसान होईल. वाद वर्षभर चालू शकतो आणि तोवर गाडी दारात उभी राहील, हप्ता मात्र चालूच राहील. म्हणून दोन वह्या करा. मात्र दोन्हींना लागू होणारी एक गोष्ट आधी सांगतो, कारण तिथे वेळ महत्त्वाची आहे.

फिटरला इंजिन अजून उघडू देऊ नका.

दोष नेमका कुठे आहे याचा पुरावा त्या बंद इंजिनात आहे. हेड एकदा उतरवून प्लेन केलं, म्हणजे घासून सपाट केलं, नवीन गॅस्केट बसली, की आधी काय होतं हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. ओझरच्या एका कुटुंबाचं असंच झालं. त्यांची बाजू खरी होती, पावत्याही होत्या. पण जुने पार्ट भंगारात गेले होते आणि कुठल्याच तज्ज्ञाने आधी गाडी तपासून लिहून दिलेलं नव्हतं. शेवटी जे मिळालं ते डीलरच्या मर्जीने मिळालं. तुमच्या हातात अजून संधी आहे.

तेव्हा या आठवड्यात गाडी सुरू न करता कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला टो करून न्या आणि दोन चाचण्या करून घ्या. सिलिंडरमधला दाब मोजणारी कॉम्प्रेशन टेस्ट, आणि कूलंटमध्ये इंजिनातला धूर मिसळतोय का ते पाहणारी टेस्ट. दुसरीत रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरतात. जळलेला गॅस आत येत असेल तर निळा द्रव पिवळा पडतो. त्या नळीचा फोटो काढा. ऑइल भरायचं झाकण उलटं करून पाहा, आतल्या बाजूला चहावरच्या सायीसारखा दुधी थर असला तर पाणी ऑइलमध्ये जात असण्याची शक्यता मोठी, त्याचाही फोटो घ्या. निष्कर्ष सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर लेखी घ्या, तोंडी नको.

तिथेच गाडीचा जुना सर्व्हिस रेकॉर्ड मागा. अधिकृत सेंटरला झालेली कामं गाडी नंबरवरून निघतात. तुम्ही घेण्याच्या आधीच कूलंट किंवा हेडचं काम झाल्याची नोंद सापडली, तर वादाचं स्वरूपच बदलतं. मग हा 'जुनी गाडी आहे, होतं असं' असा विषय राहत नाही. माहीत असलेली गोष्ट लपवून विक्री केल्याचा विषय होतो. किलोमीटरचे आकडेही त्या नोंदींशी ताडून पाहा.

आता गाडीची वही. तिच्या पहिल्या पानावर ते पन्नास हजार लिहायचे नाहीत. मला कळतं, हे ऐकायला कठोर वाटतं. पण ते पैसे गेले. गाडी ठेवलीत तरी गेले, विकलीत तरी गेले. 'एवढे घातले, आता आणखी थोडे' हा विचार म्हणजे बुडत्याचा पाय खोलात. नऊ महिन्यांत तुम्ही तेच केलंय, दर वेळी आधीचा खर्च वाचवायला पुढचा केला.

मग आज काय आहे? गाडीचे जशा-तशा स्थितीत १ लाख ९० हजार येतात. तुमचा हप्ता साधारण ६,८३० आहे आणि नऊ हप्ते गेल्यावर अजून सुमारे २ लाख १३ हजार मुद्दल बाकी आहे. म्हणजे विकलीत तरी कर्ज फेडायला पदरचे २३ हजार घालावे लागतील, वर मुदतपूर्व फेडीचं शुल्क असेल तर ते वेगळं. बँकेचं ना हरकत पत्र मिळून आरटीओत बोजा उतरल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होणार नाही, हेही एजंटशी आधीच बोलून घ्या.

ठेवायची ठरवली तर? आजची किंमत १ लाख ९० हजार, कारण ती तुम्ही सोडताय. दुरुस्ती ६८ हजार. पुढच्या २४ महिन्यांसाठी इतर दुरुस्तीला दरमहा ३ हजार बाजूला, म्हणजे ७२ हजार. एकूण ३ लाख ३० हजार. दोन वर्षांनी चालती गाडी २ लाख २० हजारांना जाईल असं धरतो. मुद्दाम कमी धरलंय, कारण सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यावर नवीन गाडी आणि जुनी गाडी यांतलं अंतर कमी झालंय. तरीही निव्वळ खर्च १ लाख १० हजार, महिना साधारण ४,६००.

नवीन गाडी रस्त्यावर येईपर्यंत ७ लाख धरा, त्यातलं ६ लाख कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षं. हप्ता जवळपास ९,८००. दोन वर्षांत व्याजाचे लाखभर जातात आणि किंमत पावणेदोन ते दोन लाखांनी उतरते. महिन्याला साडेअकरा-बारा हजार पडले, आणि विम्याचा वाढीव हप्ता वेगळाच. शिवाय एक लाख डाउन पेमेंट आणि जुन्या कर्जाचे २३ हजार मिळून तुमच्या दीड लाखाच्या एफडीतले २७ हजार उरतील. दोन मुलं, चांदवडला वयस्क आई-वडील आणि हाताशी २७ हजार. हे मला मान्य नाही. घरच्यांचा वैताग खरा आहे, पण दुरुस्तीपेक्षा महिना सात हजार जास्त, ही त्या वैतागाची किंमत फार आहे.

गाडीच नको, हा पर्यायही एकदा मोकळ्या मनाने बघा. कामावर तुम्ही कंपनीच्या बसने जाता. गाडी मुख्यतः चांदवडच्या फेऱ्यांना लागते. वडिलांना नाशिकला डॉक्टरकडे आणणं महिन्यातून एकदाच असेल तर भाड्याची गाडी स्वस्त पडेल. पण तुम्ही लिहिलंय की कधी कधी रात्री-अपरात्री निघावं लागतं. तसं असेल तर गाडी हवी.

म्हणून माझं मत: दुरुस्त करा, पण एका अटीवर. दुसऱ्यांदा गॅस्केट जाण्यामागे साधारण तीन कारणं असतात. पहिल्या वेळी हेड प्लेन न करताच गॅस्केट बसवली असेल, हेडला किंवा ब्लॉकला तडा असेल, किंवा गाडी तापण्याचं मूळ कारण तसंच राहिलं असेल. हेड उतरल्यावर ते लेथवाल्याकडे प्रेशर टेस्टला पाठवायचं, आणि ब्लॉकचा पृष्ठभाग पट्टी लावून तपासायचा. ब्लॉक चांगला निघाला आणि अंतिम आकडा १ लाखाच्या आत राहिला तर काम करून घ्या. दुरुस्त गाडीची किंमत आजच्यापेक्षा सव्वा लाखभर वाढेल, तिथवर खर्चाला अर्थ आहे. ब्लॉकला तडा निघाला तर तिथेच थांबा आणि विका. उघडलेल्या इंजिनाची गाडी १ लाख ९० हजारांपेक्षा कमीत जाईल, हा धोका आहे. म्हणून उघडण्याआधीच्या चाचण्यांवर मी एवढा जोर देतोय. विकताना घेणाऱ्याला दोष सांगून विका. जे तुमच्याशी झालं ते तुमच्या हातून दुसऱ्याशी व्हायला नको.

कुणी 'सेकंड हँड इंजिन टाका, स्वस्तात होईल' म्हणालं असेल, तर ते टाळा. इंजिन नंबर आरसीवर असतो. आरटीओच्या मंजुरीविना बदललेलं इंजिन विम्याच्या दाव्यात आणि पुढच्या विक्रीत अडचण करतं.

६८ हजार आणायचे कुठून? गॅरेजवाल्याने सुचवलेल्या क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर नाही. एक हप्ता चुकला तर थकीत रकमेवर वर्षाला ३६ टक्के किंवा त्याहून जास्त व्याज लागू शकतं. एफडीवर कर्ज घ्या, एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतं आणि ठेव मोडत नाही. वर्षभरात फेडा. पाच हजारांची एसआयपी तेवढे महिने निम्म्यावर आणलीत तरी चालेल. बोनस आला की तो १४ टक्क्यांच्या गाडीकर्जात भरा.

आता दुसरी वही, वादाची. इथे तुमचे पन्नास हजार परत येतात, पण सगळे नाही. त्यात क्लचचे ९ हजारही आहेत, ते काढा. आठ वर्षांच्या गाडीचा क्लच झिजतो, तो दोष नव्हे, आणि तो मागणीत घातला तर बाकीच्या खऱ्या मागणीचं वजन कमी होतं. तापण्याशी थेट जोडलेले राहतात थर्मोस्टॅटचे ४,८००, पंप-रेडिएटरचे १७,५००, गॅस्केटचे १४,७०० आणि टोइंगचे ४,५००. एकूण ४१,५००. त्यात पुढची दुरुस्ती मिळवा.

डीलर म्हणेल, वॉरंटीत फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स, पंप-रेडिएटर नाही. बहुतेक वॉरंट्या अशाच लिहिलेल्या असतात आणि त्या दोन वस्तूंवर तो टिकू शकेल. पण 'वॉरंटी संपली' हे उत्तर गॅस्केटला लागू होत नाही. तोच दोष पाचव्या महिन्यात, मुदतीत, त्याच्याकडे नोंदवला होता आणि तो दूर झाला नाही. त्याहून महत्त्वाचं, त्याने त्या कामाचे तुमच्याकडून पैसे घेतले. म्हणजे ती एक स्वतंत्र सेवा झाली. तीन महिन्यांत तीच गॅस्केट गेली असेल तर सेवेतल्या त्रुटीचा मुद्दा वॉरंटीशिवायही उभा राहतो. त्या वेळचं जॉब कार्ड काढा. त्यावर हेड फेसिंगची (प्लेन करण्याची) किंवा प्रेशर टेस्टची ओळ आहे का? नसेल तर तोच तुमचा सगळ्यात भक्कम कागद. त्या गॅरेजने पक्कं बिल दिलंच नसेल तर तेही डीलरला पाठवायच्या नोटिशीत लिहा. बिल नाकारणं हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेतच मोडतं.

'डिलिव्हरी नोटवर जशी आहे तशी, जिथे आहे तिथे असं लिहून माझी सही घेतली' या ओळीने तुम्ही खचलेले दिसता. ती ओळ बघून घेता येणाऱ्या गोष्टींना लागू पडते, टायर, रंग, सीट. ज्याने लेखी वॉरंटी दिली तो त्याच कागदावर ती ओळ छापून सुटत नाही, आणि माहीत असलेला दोष लपवला असेल तर मुळीच नाही.

चाचण्यांचे कागद हाती आले की डीलरला नोटीस पाठवा, पोच पावतीसह स्पीड पोस्टाने. साध्या मराठीत, दोन पानांत. तारखांसह काय झालं, किती खर्च झाला, काय मागता, आणि हे वाक्य नक्की: अमुक तारखेला अमुक ठिकाणी इंजिन उघडणार आहोत, आपण किंवा आपला माणूस हजर राहावा. पंधरा दिवस द्या. तो आला तर त्याच्यासमोर उघडेल, नाही आला तर बोलावलं होतं याची नोंद राहील. व्हिडिओ काढा, जुने पार्ट पोत्यात घालून नाव-तारीख लिहून घरी ठेवा.

दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कित्येक डीलर तिथेच तडजोडीला येतात. नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नाशिकच्याच आयोगात तक्रार करता येते. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे येतात, आणि खरेदी ५ लाखांच्या आत असल्याने तुम्हाला दाखल शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही दाखल होते, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. ती सावधपणे पहिल्यांदा गाडी तापली त्या दिवसापासून मोजा. कायद्यात निकालाला तीन ते पाच महिने सांगितलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. म्हणून गाडीच्या वहीत या बाजूची रक्कम शून्य धरा.

मध्ये डीलरने लेखी तडजोड पुढे केली तर? पन्नास हजार एकरकमी, बँक खात्यात, देत असेल तर मी घ्यायला सांगेन. तीस देत असेल तर नाही. 'पुढच्या वेळी फुकट करून देतो' हे तर अजिबात नाही, त्याच गॅरेजमध्ये गाडी पुन्हा जाता कामा नये.

शेवटचं एक. तुम्ही पाठवलेल्या फोटोत वॉटर पंपाची पावती थर्मल कागदाची आहे आणि तिच्यावरचा आकडा आताच फिकट दिसतोय. उद्या सकाळी पहिल्यांदा तिची झेरॉक्स काढून आणा.