वाचलेलं सगळं ओळखीचं वाटतं, पण आठवत नाही

"मॅडम, सगळं वाचलेलं असतं. वाचताना कळतंही. पेपर हातात आला की मात्र पाटी कोरी." परीक्षा जवळ आल्या की समुपदेशनाच्या खोलीत हे मी इतक्यांदा ऐकते, की पुढचं वाक्यही मला आधीच ठाऊक असतं : "माझी स्मरणशक्तीच कमी आहे."

यातली एक विद्यार्थिनी विशेष लक्षात राहिली, कारण तिचा विषयच मानसशास्त्र होता. पदवीचं पहिलं वर्ष, विषयाची तोंडओळख करून देणारा अभ्यासक्रम. धडे तीन-तीनदा वाचलेले, वही चार रंगांच्या हायलायटरनं रंगवलेली. पहिल्या दोन भेटींत मी तिच्या धास्तीशीच झटत राहिले. श्वास, झोप, वेळापत्रक. तिला बरं वाटायचं, पण उजळणीची गाडी होती तिथेच. त्या दोन भेटी मी वाया घालवल्या, असं आता वाटतं.

तिसऱ्या भेटीत वही मिटून बाजूला ठेवायला सांगितली. म्हटलं, पाव्हलॉवच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगाबद्दल चार वाक्यं सांग. दीड वाक्यावर ती अडली आणि हात वहीकडे गेला. "एकदा फक्त बघून घेते," हे ती नंतर म्हणाली. हात आधीच पोचला होता.

माझा ओढा पहिल्यापासून वर्तनवादाकडे, म्हणजे मनात काय आहे यापेक्षा दिसणारं वागणं बघण्याकडे. सहकारी त्यावरून चिडवतात, चिडवोत. माणूस काय बोलतो त्याआधी त्याचा हात कुठे जातो, हे मी बघते.

"ऋण प्रबलन म्हणजे काय गं?" मी विचारलं. नेगेटिव्ह रिइन्फोर्समेंट.

"शिक्षा. म्हणजे काहीतरी वाईट वाट्याला येतं, म्हणून वागणं कमी होतं."

पहिल्या वर्षाची कितीतरी मुलं इथे घसरतात. 'ऋण' हा शब्दच फसवा आहे. मी चूक दुरुस्त केली नाही.

"वही मिटल्यावर आठवलं नाही, की काय होतं?"

"पोटात गोळा येतो."

"मग?"

"वही उघडते."

"आणि गोळा?"

"जातो. लगेच."

"मग दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी..." ती थांबली. "दुसऱ्या दिवशी मी वही मिटतच नाही."

मी गप्प बसले. फार जड गेलं, कारण उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण ते मी दिलं असतं, तर तिनं तेही वहीत रंगवून ठेवलं असतं.

"थांबा मॅडम," ती म्हणाली. "शिक्षेनं वागणं कमी होतं. माझं वही उघडणं तर वाढतंय. गोळा जातो, म्हणून वाढतंय. नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे वागणं वाढलं... हेच ना ऋण प्रबलन?" आणि मग ती खळखळून हसली. "वर्षभर हेच करतेय, आणि पेपरात चुकीचं लिहून आले!"

माझ्याही डोक्यात त्या क्षणी लख्ख झालं. तिचं वाचन हा अभ्यास नव्हताच, ती पळवाट होती. पण बाहेरून ती मेहनतीसारखी दिसायची, म्हणून घरचे, शिक्षक आणि दोन भेटी मीसुद्धा फसले.

पुन्हा वाचण्यानं मजकूर ओळखीचा होतो. ओळख पटणं वेगळं आणि आठवणं वेगळं. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा वाचायला दिला, काहींना आठवेल तेवढा कोऱ्या कागदावर लिहायला लावला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, सुमारे 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानं चित्र उलटलं : वाचणारे 42, लिहिणारे 56. पहिल्या पाच मिनिटांचं ते समाधानच माणसाला वहीला चिकटवून ठेवतं.

आम्ही ठरवलं ते साधंच होतं. रोज दहा मिनिटं, कोरा कागद, एकच संकल्पना. अडलं तर दोन मिनिटं वही उघडायची नाही. गोळा वही न उघडताही ओसरतो, हे पोटाला कळायला तेवढा वेळ लागतो. मग वही उघडून चूक दुरुस्त करायची. ती तशीच ठेवली तर तीच पक्की होते. पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, कारण विसरण्याचा वेग सुरुवातीलाच जास्त असतो. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून हे दाखवलं होतं. पुढच्या उजळण्या अंतर वाढवत.

आणि गोंधळणाऱ्या संकल्पना सुट्या वाचू नयेत, जोडीनं समोरासमोर मांडाव्यात. ऋण प्रबलन आणि शिक्षा. सहसंबंध (दोन गोष्टी सोबत बदलणं) आणि कार्यकारण (एकीमुळे दुसरी घडणं). संशोधनासाठी माणसं यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, निवडणं आणि निवडलेली माणसं गटांत यादृच्छिक वाटणं. प्रत्येकीला स्वतःचं उदाहरण हवं. पट्टा लावला की गाडीतली पिपाणी थांबते, हे पुस्तकी उदाहरण तिला कधीच आठवायचं नाही. पोटातला गोळा मात्र आठवतो.

धास्तीनं झोप-जेवणच तुटलं असेल, तर कोऱ्या कागदानं भागत नाही. तिथे आधी दुसरी मदत घ्यावी.

शेवटच्या भेटीला तिनं एक कागद आणला. अर्धा भरलेला, मधे मधे पेन्सिलीनं काढलेल्या रिकाम्या चौकटी. "या मला आल्या नाहीत," ती म्हणाली. "दोन मिनिटं थांबले, आणि मगच बघितल्या."