पेट्राचा 1974 चा अल्बम, 1990 चा अल्बम आणि अडकलेलं पार्सल

पेट्रा या अमेरिकन ख्रिस्ती रॉक बँडचा 1990 चा 'बियॉन्ड बिलीफ' आवडला म्हणून तुम्ही त्यांचा 1974 चा पहिला अल्बम अमेरिकेतून जुन्या रेकॉर्डच्या रूपात मागवलात. मग तो ऑनलाइन ऐकलात तर भलताच बँड वाटला, आणि पार्सल अजून कस्टमपाशी पडून आहे. आता पार्सल सोडवू की सोडून देऊ, असं विचारताय. सोडवा. या दोन्ही त्रासांतून मी गेलोय.

आधी पार्सल, कारण उन्हाळा आहे. माझी पेट्राचीच 'मोअर पॉवर टू या' ही रेकॉर्ड ज्या कचेरीत अडकली होती तिचं नाव घेत नाही. किंमत सिद्ध करा म्हणाले, मी मेलवर आलेलं बिल दाखवलं. छापून आणा म्हणाले. छापून नेलं तर विक्रेत्याचा शिक्का हवा! घरातल्या जुन्या रेकॉर्ड विकणारा माणूस शिक्का कुठून आणणार? साहेब रजेवर, फाइल दुसऱ्या टेबलावर, आणि खोकं एप्रिल-मेच्या उकाड्यात बाकीच्या पार्सलांखाली आडवं. हातात आली तेव्हा कड वाकलेली होती. दोन्ही बाजूंच्या पहिल्या गाण्यावर सुई उडते. ड्युटी मी बिनतक्रार भरली असती. माल खराब झाला याची जबाबदारी कुणीच घेतली नाही, याचा राग अजून आहे.

म्हणून बिल, पैसे भरल्याची पावती आणि विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट असे तिन्ही कागद छापून द्या, ट्रॅकिंग नंबर वर लिहा आणि पोच घ्या. तोंडी बोलण्यावर विसंबू नका. दराबद्दल माझं ऐकू नका, नियम बदलत असतात आणि मी त्यातला जाणकार नाही. पुढच्या वेळी विक्रेत्याला 'गिफ्ट' लिहू देऊ नका, शंका तिथूनच सुरू होते.

आता बँड. माझं ठाम मत आहे की पेट्रा ऐकताना मुखपृष्ठावरच्या नावापेक्षा गातंय कोण आणि निर्माता कोण ते बघावं. 1972 मध्ये अमेरिकेतल्या फोर्ट वेनला गिटारवादक बॉब हार्टमनने बँड उभा केला तेव्हा गिटारवर चालणारं, थोडं 'कंट्री' या अमेरिकन ग्रामीण वळणाच्या संगीताकडे झुकणारं रॉक होतं. पहिल्या अल्बममध्ये तेच आहे, जरा कच्चं. चर्चमधल्या अनेकांना तेव्हा ड्रम आणि गिटारच पापाचे वाटत. पुढे गायक ग्रेग व्होल्झचा मोकळा, उंच आवाज आला, आणि 1981 च्या 'नेव्हर से डाय'ने बँडला रेडिओवर नेलं. 'बीट द सिस्टम'पर्यंत तर सिंथेसायझर पार पुढे येऊन बसला. मला तो अल्बम फारसा पचत नाही, पण त्यावर जीव टाकणारे लोक माझ्या ओळखीत आहेत.

1986 मध्ये व्होल्झच्या जागी 'हेड ईस्ट' या रॉक बँडमधला जॉन श्लिट आला. आवाज खरखरीत, धारदार. पुढे निर्मितीला जॉन आणि डिनो एलेफान्टे हे भाऊ. त्यातला जॉन एलेफान्टे 'कॅन्सस' या रॉक बँडचा गायक होता. तुम्हाला 'बियॉन्ड बिलीफ'मध्ये आवडलेला, मोठ्या मैदानात घुमणारा आवाज या जोडणीतून आलाय. त्याच अल्बमवर त्यांना पहिलं ग्रॅमी मिळालं. मधे 1989 चा 'पेट्रा प्रेझ' येतो, उपासनेच्या गीतांचा. रॉकवाले त्याला नाक मुरडतात. मी मुरडत नाही, कारण विरोध करणाऱ्या कित्येक चर्चची दारं त्याने उघडली असं मला वाटतं.

हार्टमनची लेखणी मात्र या सगळ्या काळात फारशी हलली नाही. रेकॉर्डच्या आतल्या कागदावर गाण्यांच्या शब्दांसोबत बायबलमधले संदर्भ छापलेले असत, ते स्ट्रीमिंगवर कुठे मिळणार? रेकॉर्ड सोडवा म्हणतोय ते यासाठीही.

लगेच 1974 वर उडी मारू नका. 1990 वरून मागे 'धिस मीन्स वॉर!', मग 'मोअर पॉवर टू या', मग 'नेव्हर से डाय', आणि त्यानंतर पहिला. 2003 चा 'जेकिल अँड हाइड' वेगळा ठेवा. त्याची निर्मिती 'न्यूजबॉईज' या ख्रिस्ती बँडच्या पीटर फर्लरने केलीय, तो, एकदम जड गिटारचा आहे, आणि श्लिटचा गळा तेव्हाही तितकाच तापलेला आहे. 'बियॉन्ड बिलीफ'वाल्यांना तो बहुधा आवडतो.