उरकायला जाऊ नकोस

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझा एक्सेलचा तक्ता मिळाला. सकाळी राव्हेना, दुपारी फेरारा, संध्याकाळी व्हेनिस. राव्हेनाच्या रकान्यात युनेस्कोच्या यादीतल्या आठही वास्तू, प्रत्येकीपुढे वीस मिनिटं, आणि जेवणापुढे ‘चालता चालता’. खाली एक ओळ: मैत्रिणी ऐनवेळी गळाल्या, एकटीनं दिवसभर करू काय, त्यापेक्षा फ्लॉरेन्सला जाऊ का, तिथे निदान गर्दी तरी असेल.

एकटीनं जावं का, यावर मी शाई खर्च करणार नाही. एकटी इटलीत बोलोन्याला जाऊन राहिलीस, तर राव्हेनाच्या सव्वा तासाच्या गाडीचं काय घेऊन बसलीस? माझं भांडण त्या तक्त्याशी आहे. तू बघायला नाही, उरकायला निघाली आहेस.

उरकणं म्हणजे काय ते मला विचार. तीस वर्षं सकाळी डबे उरकले, मग नोकरी उरकली, रात्री ओटा उरकला. 2006 साली तुझ्या काकांबरोबर ग्रुप टूरनं युरोप केला, तोही उरकला. फ्लॉरेन्सला दीड तास मिळाला होता. चौकात मायकेलअँजेलोच्या डेव्हिड पुतळ्यासमोर फोटो काढला, सांता क्रोचे चर्चमध्ये कवी दान्तेच्या थडग्यासमोर काढला आणि धावत बस गाठली. ते दोन्ही फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावले होते, तूही पाहिलेस. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की चौकातला डेव्हिड ही नक्कल. खरा 1873 सालीच आत नेऊन ठेवलाय. आणि सांता क्रोचेतलं थडगं रिकामं! दान्तेला फ्लॉरेन्सनं हद्दपार केलं होतं, तो 1321 साली राव्हेनात वारला, आणि तिथेच आहे. गाईडनं हे सांगितलंही असेल. माझं लक्ष बसकडे होतं.

म्हणून सांगते, दोनच जागा घे आणि तिथे बस. कंटाळा येईपर्यंत बस. कंटाळा आला की उठू नकोस, आणखी थोडं बस.

2018 साली मी राव्हेनाला गेले तेव्हा सांत अपोलिनारे नुओवो या चर्चमध्ये पहिल्या दहा मिनिटांत सगळं ‘बघून’ झालं होतं. लांबच लांब दालन, वर दोन्ही भिंतींवर मोझेइक, म्हणजे बारीक तुकडे जडवून केलेली चित्रं, एकीकडे 22 कुमारिकांची रांग, समोर 26 हुतात्म्यांची. छान आहे, चला. पण त्या दिवशी मला कुठेच जायचं नव्हतं, म्हणून बसून राहिले. उजव्या भिंतीवर दाराच्या बाजूला एक राजवाडा आहे, थिओडोरिक या गॉथ राजाचा. खांबांच्या मधे पांढरे पडदे गाठ मारून बांधलेले. त्या पडद्यांकडे मी बराच वेळ रिकाम्या डोक्यानं बघत होते, आणि एकदम एका खांबावर मला हात दिसला. नुसता हात. माणूस नाही.

हे चर्च थिओडोरिकनंच बांधवलं. तो एरियन पंथाचा, ख्रिस्ताला देवाच्या बरोबरीचा न मानणाऱ्यांचा, म्हणून बाकी ख्रिस्त्यांच्या लेखी पाखंडी. 526 साली तो वारला, 540 साली राव्हेना बायझंटाइन सम्राटाच्या ताब्यात गेलं, आणि नव्या धन्यांनी खांबांमधली त्याची माणसं उखडून तिथे पडदे भरले. खांबांवर आलेले हात मात्र राहून गेले. उरकणाऱ्यानंच काम केलं असणार! वीस मिनिटांत तुला ते हात दिसणार नाहीत. दिसले तरी ते गाईडनं बोट दाखवल्यामुळे, आणि मग तो हात गाईडचा, तुझा नव्हे.

दुसरी जागा सान व्हिताले. मोझेइकमध्ये बायझंटाइन सम्राट जस्टिनियन आणि त्याची राणी थिओडोरा दरबारासह समोरासमोर उभे आहेत. चर्चचं अर्पण 547 सालचं. ती दोघं स्वतः राव्हेनात कधी आलीच नाहीत. तिथेही बस. सोन्याचा वर्ख काचेत धरून केलेले ते बारीक तुकडे मुद्दाम जरा तिरके बसवलेले असतात, त्यामुळे ऊन सरकलं की भिंत वेगळी दिसते. ऊन सरकायला वेळ लागतो, बाई. त्याला तुझा तक्ता माहीत नाही.

आता तू म्हणशील, आत्या, शेजारच्या गाल्ला प्लाचिदियाच्या समाधीत तर पाचच मिनिटं थांबू देतात. देतात खरं. पण उन्हातून तशीच आत शिरलीस तर डोळे सरावेपर्यंतच निम्मा वेळ जाईल. खिडक्यांच्या अलाबास्टर दगडाच्या पातळ तावदानांतून मधासारखा मंद उजेड येतो. म्हणून सान व्हितालेतून निघताना गॉगल लाव आणि थेट दारात काढ. मग वर मोझेइकचं निळं आभाळ आणि सोनेरी चांदण्या लगेच दिसतील. वेळ सान व्हितालेच्या तिकिटासोबतच आधी ठरवून घ्यावी लागते.

बाकी पाच वास्तू सोडून दे. हो, सोडून दे!

दान्तेकडे मात्र जा, त्याला तिकीट नाही. फ्लॉरेन्सला पुढे उपरती झाली. 1519 साली पोपची परवानगी घेऊन त्यांची माणसं हाडं न्यायला आली, पेटी उघडली तर आत काहीच नाही. फ्रान्सिस्कन साधूंनी मागून भिंतीला भोक पाडून ती आधीच लांबवलेली. सापडली थेट 1865 साली. आता फ्लॉरेन्स दरवर्षी सप्टेंबरात तिथल्या दिव्याला तेल पाठवतं. लागूनच सान फ्रान्चेस्को चर्च आहे, त्याच्या तळघरात पाणी साचलेलं असतं आणि जुन्या मोझेइकवर मासे फिरत असतात. दुपारी बंद असतं, तेव्हा आधी पियादिना खाऊन घे. पोळीच ती, पण पिठात बहुधा डुकराची चरबी असते, तुला चालत नसेल तर ऑलिव्ह तेलातली माग. आणि कॉफी उभ्यानं स्वस्त पडते म्हणून उभ्यानं पिऊ नकोस. बसायचे जास्त पैसे लागतात. माझ्याकडून घे.

मी हे एवढं घोकतेय त्याचं कारण तुला घरात कुणीतरी सांगितलंच असेल. राव्हेनाची ती वारी झाली तेव्हा मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. दोन महिन्यांत एक दिवस मागून घेतला, साडेपाचची गाडी पकडते म्हणाले आणि चुकवली. फोन पर्समध्ये मुका पडलेला. रात्री घरी पोचले तर बाळ रडून लाल, लेक त्याहून लाल. “आई, तू आलीस कशाला इथे?” एवढंच म्हणाली. नंतर सगळ्या नातेवाइकांत झालं: आजी फिरायला गेल्या. आजही होतं.

मी चुकले असं मला वाटत नाही. फोन बघायला हवा होता, कबूल. पण चर्चमधल्या त्या बाकावर मी किती वेळ होते याचा हिशेब मी कुणाला देणं लागत नाही. जावयांनी केली ना खिचडी? कुणी उपाशी निजलं का? एकसष्टाव्या वर्षी मला पहिल्यांदा कुणी ‘उरकलं का’ असं विचारलं नव्हतं, ते मी अर्धवट सोडून गाडीमागे पळायला हवं होतं? तुझ्या काकांना हे पटतं. लेकीला नाही. असो. तुझ्यावर का ओरडतेय मी?

कागदी तिकीट घेतलंस तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात ठसा मारून घे, नाहीतर दंड. परतीची गाडी ठरवून ठेव. पुढचीही बघून ठेव.

आणि रात्री फोन कर. उजवी भिंत, दाराकडून सुरुवात. किती हात सापडले ते सांग. मला तीन सापडले होते, मग रखवालदार किल्ल्या वाजवत आला.

तुझी,
आत्या