काटा खाली, हीटर कोमट

प्रश्न : वेगात गाडी चालवताना तापमानाचा काटा खाली उतरतो, हीटरची हवा कोमट येते. कूलंट पुरेसं आहे. थर्मोस्टॅटसोबत त्याचं आवरण, म्हणजे हाउसिंगही बदलावं का?

उत्तर : काटा उतरतो म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच अडकला असावा. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरचा वरचा होज चाचपा. निरोगी थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांना उघडतो. तोवर होज थंड राहायला हवा. सुरुवातीपासूनच हळूहळू तापू लागला, तर निदान पक्कं. (काटा जागेवर असून हवा कोमट असती, तर संशय हीटर कोअरवर, म्हणजे आतली हवा तापवणाऱ्या छोट्या रेडिएटरवर गेला असता.)

हाउसिंग प्लास्टिकचं असेल तर बदलाच. उष्णतेने ते वाकतं, नवी ओ-रिंगही (सांधा बंद करणारं रबरी कडं) मग गळते. बऱ्याच गाड्यांत थर्मोस्टॅट आणि हाउसिंग एकत्रच मिळतात.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कूलंटचं झाकण उघडा. हाउसिंगच्या पातळीखाली जाईल इतकंच कूलंट काढा. हाउसिंग काढल्यावर ते बसायची जागा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. ॲल्युमिनियमवर ओरखडा गेला की गळती ठरलेली. नवा थर्मोस्टॅट बसवताना त्याची स्प्रिंग इंजिनच्या बाजूला, हवा सोडणारी छोटी पिन असल्यास वर. ओ-रिंग असेल तिथे सीलंट नको. बोल्ट आळीपाळीने, मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरानेच) आवळा. जास्त जोर लावला की नवं हाउसिंगही तडकतं.

कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लीड स्क्रू असल्यास तो सोडून हवा काढा. हवा अडकली तर नव्या थर्मोस्टॅटनंतरही हीटर कोमटच राहील. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा बघा.