वाचकांचे प्रश्न : बास्केटबॉल

प्रश्न : अमेरिकी बास्केटबॉल प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांच्याविषयी वाचलं. इतके संघ बदलणारा माणूस मोठा प्रशिक्षक कसा? मीही करारावर आहे, तीन वर्षांत ही तिसरी शाळा. नव्या मुलांना पहिल्या पंधरवड्यात काय शिकवू?
– क्रीडाशिक्षक, मिरज

उत्तर : ब्राउन यांनी एनबीएचे (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) ९ संघ सांभाळले, शिवाय तीन विद्यापीठं. १९८८ला कॅन्सस विद्यापीठ विद्यापीठांच्या स्पर्धेत राष्ट्रीय विजेतं झालं, २००४ला डेट्रॉइट पिस्टन्सनं एनबीए जिंकली. ही दोन्ही विजेतेपदं नावावर असलेले ते एकटेच. न्यूयॉर्कला मात्र २००५-०६ मध्ये २३ विजय, ५९ पराभव, आणि एका मोसमात गाशा गुंडाळला.

तुमच्या उपयोगाचं उदाहरण फिलाडेल्फियाचं. तिथं त्यांनी चेंडू पुढे आणण्याचं काम ॲलन आयव्हरसनकडून काढून एरिक स्नोकडे दिलं. आयव्हरसन गुण करायला मोकळा झाला; २००१ला संघ अंतिम फेरीत. आधी माणसं पाहिली, मग जागा ठरवल्या.

तुम्हीही पहिले दोन दिवस काही शिकवू नका. अर्ध्या मैदानावर तीन विरुद्ध तीन खेळवा आणि वहीत तीनच खुणा करा : चेंडू गमावला, डावा हात टाळला, मोकळा ले-अप (पळत रिंगजवळ जाऊन टाकलेला चेंडू) हुकला. तिसऱ्या दिवसापासून दोन्ही बाजूंनी दहा-दहा ले-अप, पिव्हट (एक पाय रोवून वळणं), छातीवरून पास. प्ले (आधी ठरवलेली चाल) बसत नाही तेव्हा दोष सहसा प्लेचा नसतो. मुलाला डावीकडून आत जाता येत नाही, तो उजवीकडेच वळतो, आणि बचाव करणारा तिथं आधीच उभा असतो.

रोज १५ मिनिटं मॅन-टू-मॅन बचाव, म्हणजे प्रत्येकानं आपापला खेळाडू रोखायचा. १४ वर्षांखालच्या गटात झोन (माणूस नाही, जागा वाटून घेऊन बचाव) लावून सामने निघतात, कारण त्या वयात लांबचे शॉट फारसे पडत नाहीत. पण तीच मुलं १७च्या गटात गेली की पाय हलत नाहीत.

आणि हो, रिंग टेपनं मोजा : ३.०५ मीटर. सिमेंटचा नवा थर दिला की उंची घटते. मुलं लटकली की रिंग पुढून वाकते. खाली आलेल्या रिंगवर बसलेला हात दुसऱ्या मैदानावर आखूड पडतो.

प्रश्न : प्रशिक्षक म्हणून नोकरीसाठी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा कोर्स पुरेल का?
– वाचक, कराड

उत्तर : तो प्रमाणपत्राचा कोर्स, पदविका वेगळी. जाहिरातीत कोणती पात्रता मागितली आहे, ते वाचूनच फी भरा.